श्वासावरचं ध्यान रोज टिकत नाही, खाडे पडतात, काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा: "वय चाळिशीचं. गेल्या दोन वर्षांत पाच-सहा वेळा श्वासावर लक्ष ठेवून ध्यान करायला सुरुवात केली. दरवेळी दहा-बारा दिवस रोज अर्धा तास बसतो, मग एक दिवस चुकतो आणि सगळंच सुटतं. बसलो तरी मन दोन श्वाससुद्धा टिकत नाही. शिवाय श्वासाकडे बघायला लागलं की तो अडखळतो, छाती जड वाटते. माझ्याच्याने हे होणार आहे का? किती वेळ बसावं, केव्हा, कसं?"

तुम्ही दोन तक्रारी केल्या आहेत. मन दोन श्वास टिकत नाही ही एक, आणि बैठक दोन आठवडे टिकत नाही ही दुसरी. मला त्या एकच वाटतात. दोन्हीकडे तुम्ही निसटता, निसटल्याचं तुमच्या लक्षात येतं, आणि त्याच क्षणी तुम्ही स्वतःला नापास करून टाकता. निसटणं कुणाला चुकलेलं नाही. मी चोवीस वर्षं बसतो आहे, त्यातली बरीच वर्षं इतरांनाही बसायला शिकवतो आहे. आज सकाळीसुद्धा पहिल्याच मिनिटात मन कालच्या एका फोनवरच्या बोलण्यात जाऊन बसलं होतं. तेव्हा आधी श्वासावर परत कसं यायचं ते नीट सांगतो. बैठकीवर परत येण्याची रीत त्याहून फारशी वेगळी नाही.

त्याआधी एक. अर्धा तास खूप होतो. सुरुवातीला दहा मिनिटं बसा. कारण पुढे सांगतो.

बसण्याबद्दल फार विचार करू नका. मांडी जमत असेल तर मांडी घाला, नाहीतर खुर्ची घ्या. खुर्चीवरचं ध्यान कमी प्रतीचं नसतं. मांडी घालायची तर बुडाखाली जाड उशी किंवा घडी घातलेलं ब्लँकेट घ्या आणि त्याच्या पुढच्या कडेवर बसा. कंबर गुडघ्यांपेक्षा चार बोटं वर आली की गुडघे आपोआप जमिनीकडे झुकतात आणि पाठ ताठ ठेवायला वेगळा जोर लावावा लागत नाही. खुर्चीवर बसलात तर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकू द्या. हनुवटी किंचित आत, जबडा सैल, हात मांडीवर सोडलेले. पायाला मुंग्या आल्या तर घाबरू नका, मज्जातंतूवर दाब पडला की तसं होतं. थोडं सरकून बसा. मात्र बधिर पायाने एकदम उभं राहू नका, घोटा मुरगळलेली माणसं मी पाहिली आहेत. आसन, उदबत्ती, संगीत, खास खोली यांच्याबद्दल मला काही सांगायचं नाही. असलं तरी चालतं, नसलं तरी चालतं.

आता श्वास कुठे बघायचा. यात दोन मोठ्या परंपरा आहेत. एकीत नाकपुड्यांच्या कडेवर किंवा वरच्या ओठावर लक्ष ठेवतात. विपश्यना ही ध्यानपद्धती शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींच्या दहा दिवसांच्या शिबिरांत पहिले तीन दिवस फक्त हेच करायला लावतात, त्याला आनापान म्हणतात. दुसरीत पोटाचा उठाव आणि उतार बघतात. म्यानमारचे बौद्ध भिक्खू महासी सयाडॉ यांनी ही रीत जगभर पोचवली. दोन्ही वाटांनी खोलवर गेलेली माणसं मला भेटली आहेत, त्यामुळे कुठली श्रेष्ठ या वादात मी पडत नाही. एक निवडा आणि तीन महिने बदलू नका. तुमची छाती जड होते, म्हणून तुम्ही पोट निवडा. नाकाशी बारकाई जास्त लागते, आणि बारीक बघायच्या नादात माणूस नकळत श्वास आवळून धरतो.

पोटावर एक तळहात हलका ठेवा आणि एकच श्वास बघा. आत येऊ लागला की तळहाताखालचा कपडा ताणला जातो. बेंबीच्या वरच्या भागात आधी हालचाल कळते, मग बाजूंना. ताण वाढत जातो आणि एका जागी थांबतो. थांबतो म्हणजे अडत नाही, झोका वर पोचल्यावर क्षणभर थबकतो तसा. मग पोट खाली जायला लागतं, सुरुवातीला पटकन, शेवटी अगदी सावकाश. शेवटाचा हा सावकाश भाग नीट बघा. नवख्या माणसाचं मन बहुतेक वेळा याच जागी सटकतं. आत येणाऱ्या श्वासाला काहीतरी घडतंय असा भाव असतो, म्हणून लक्ष राहतं. बाहेर जाणारा श्वास निम्म्यावर आला की मनाला वाटतं, संपलं, आता दुसरं काही बघू. त्यानंतर पुढचा श्वास सुरू होईपर्यंत एक छोटा विसावा असतो. तिथे बघण्यासारखं जवळपास काहीच नसतं, आणि विचारांना आत यायला तीच फट सापडते. "मन टिकत नाही" असं म्हणण्याऐवजी ते नेमकं कुठल्या जागी सुटतं हे आठवडाभर फक्त पाहा. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा बसायला लागून दोन वर्षं झाली होती. कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून मी आता प्रत्येकाला सांगतो.

तुमच्या अडखळणाऱ्या श्वासाचं कारण साधं आहे. श्वासाचा रोजचा कारभार मेंदूच्या खालच्या भागाकडे, मज्जारज्जूला जोडलेल्या देठाकडे असतो. झोपेतही तो चालूच राहतो. पण हृदयाच्या ठोक्यांच्या बाबतीत जे जमत नाही ते श्वासाच्या बाबतीत जमतं: मनात आलं तर सूत्रं आपल्या हातात घेता येतात. लक्ष देणं आणि हातात घेणं या दोन गोष्टी आपण आयुष्यभर एकत्रच केलेल्या असतात. सुई ओवताना लक्ष देतो, गाडी चालवताना लक्ष देतो, आणि दोन्ही वेळा हात चालवतो. म्हणून श्वासाकडे नुसतं बघायला गेलं तरी आपण तो चालवायला लागतो. स्वयंचलित चाललेल्या कामात हात घातला की ते अडखळणारच.

याच्यावर मला दोन उपाय लागू पडलेले दिसतात. बसल्यावर पहिला मिनिट-दीड मिनिट श्वासाकडे जाऊच नका. बूड कुठे टेकलंय, तळहात कुठे आहेत, कुठले आवाज येतात, एवढंच जाणवू द्या. शरीर जाणवत असताना त्यातच कुठेतरी श्वास चाललेला दिसतो, तो दिसू द्या. दुसरा उपाय माझ्या जास्त आवडीचा आहे. श्वास पूर्ण बाहेर गेला की काही करू नका, वाट बघा. पुढचा श्वास तुम्ही घ्यायचा नाही, तो येतो का ते बघायचं. येतोच. दोन-चार वेळा तो आपला आपण आल्याचं अनुभवलं की छातीतली पकड सैल पडते. एका बाईंना हे करताना रडू आलं होतं. त्या म्हणाल्या, "घरातलं सगळं मी ओढते तेव्हाच चालतं, हे एक माझ्याशिवाय चाललंय."

श्वास मुद्दाम खोल किंवा लांब करू नका. पुष्कळांच्या डोक्यात ध्यान आणि प्राणायाम यांची गल्लत असते. प्राणायामात श्वासाला वळण लावतात, त्याचे नियम वेगळे आणि तो शिकवणाऱ्याकडूनच शिकावा. इथे श्वास जसा आहे तसा जाणायचा आहे. आनापानसतीच्या, म्हणजे श्वासाचं भान ठेवण्याच्या, मूळ पाली बौद्ध सूत्रात सोळा पायऱ्या आहेत. त्यातल्या पहिल्या दोन एवढ्याच: श्वास लांब असेल तर लांब आहे हे जाणणं, आखूड असेल तर आखूड आहे हे जाणणं. दहा मिनिटं जोर लावून खोल श्वास घेत राहिलात तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोकं हलकं होतं, ओठांना नि बोटांना मुंग्या येतात. काहींना ती मोठी आध्यात्मिक अनुभूती वाटते, काहींना धडकी भरते. तो फक्त जास्त श्वसनाचा परिणाम असतो.

इथेच सावधगिरीचंही सांगून टाकतो. छाती जड होणं फक्त बसल्यावरच नाही, जिने चढताना किंवा एरवीही होत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. ज्यांना पॅनिक अटॅक येतात किंवा ज्यांच्यावर मोठा आघात होऊन गेला आहे, अशा काही जणांची घाबरगुंडी श्वासाकडे बघितल्याने वाढते. त्यांनी हट्टाने तिथेच बसू नये. तळपायांचा जमिनीला होणारा स्पर्श किंवा बाहेरचे आवाज यांवर लक्ष ठेवलं तरी साधना तीच होते. आणि चालू असलेली औषधं ध्यानाच्या भरवशावर स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. हे मी कळकळीने सांगतो आहे.

आता मन भटकण्याबद्दल. 2010 साली दोन मानसशास्त्रज्ञांनी 2,250 माणसांना दिवसातून अधूनमधून फोनवर विचारलं, या क्षणी तुमचं मन हातातल्या कामात आहे का? सुमारे 47 टक्के वेळा उत्तर आलं, नाही. ही जागेपणीची, रोजच्या कामातली माणसं होती. म्हणजे तुमचं मन दोन श्वासांत निघून जातं यात विशेष काही नाही. बसल्यावर फक्त ते दिसायला लागलं आहे. पुष्कळ जण पहिल्या आठवड्यानंतर म्हणतात, ध्यानाने माझे विचार वाढले. वाढत नाहीत. खोलीत उन्हाची तिरीप आली की धूळ दिसते, ती आधीपासून तिथेच होती.

ज्या क्षणी "अरे, मी भलतीकडेच होतो" असं लक्षात येतं, तो क्षण हळू करून बघा. ते लक्षात येणं तुम्ही केलेलं नसतं. विचारात पूर्ण बुडालेलं असताना ते आपसूक उमटतं. त्या क्षणी तुम्ही जागेच असता, हरवलेपण तोवर संपलेलंही असतं. आणि नेमका तिथेच आपण स्वतःवर ओरडतो. ओरडणं शब्दांत नसेल, पण बघा: कपाळाला आठी पडते, जबडा आवळतो, श्वास धरला जातो, आणि मग दात-ओठ खात लक्ष पोटाकडे ओढलं जातं. दहा मिनिटांत वीस वेळा असं झालं की वीस वेळा मार खाल्ल्यासारखं होतं. मग दुसऱ्या दिवशी बसावंसं वाटत नाही, आणि आपण म्हणतो, आपल्यात चिकाटी नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. माझ्या पाहण्यात ज्यांची साधना सुटली, त्यांतल्या बहुतेकांची ती आळसाने सुटलेली नव्हती. परत येताना होणारी ही कुरकूर साठत गेली आणि बैठकच नकोशी झाली.

म्हणून लक्षात आलं की लगेच पोटाकडे धावू नका. आधी जबडा सोडा. एक श्वास पूर्ण बाहेर जाऊ द्या. मग पुढचा श्वास जिथे असेल तिथून बघायला घ्या. कुठला विचार होता, तो कसा आला, याचा तपास नको. "विचार" एवढी मनात नोंद पुरे, तीही जमली तर.

सुरुवातीच्या काळात मोजणीचा आधार घ्या. श्वास बाहेर गेला की मनात "एक", पुढचा बाहेर गेला की "दोन", असं दहापर्यंत, मग पुन्हा एकपासून. मध्ये हरवलात तर एकपासून सुरू करा. पाचव्या शतकातले बौद्ध भाष्यकार बुद्धघोष आचार्य यांनीही मोजणी सांगितली आहे, आणि त्यांची अट अशी की पाचाच्या आत थांबू नये आणि दहाच्या पुढे जाऊ नये. पाचाच्या आत मन कोंडल्यासारखं होतं. दहाच्या पुढे गेलं की ते श्वास सोडून आकड्यांच्या मागे लागतं. झेन परंपरेतही एक ते दहा हीच मोजणी आहे. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी एकदा चिंतेने सांगितलं, "मी आज सदतीसपर्यंत पोचलो, दहाला थांबायचं कळलंच नाही." तोंडपाठ आकडे पुढे चालले होते आणि लक्ष केव्हाच दुसरीकडे गेलं होतं. दहाची सीमा यासाठीच आहे, ती ओलांडली की लगेच चूक हाती लागते. त्यांना मी विचारलं, सदतीसला कळल्यावर काय केलंत? म्हणाले, "एकपासून सुरू केलं." म्हटलं, मग आजची बैठक उत्तम झाली.

थोडा हिशेब करा. विश्रांतीत प्रौढ माणसाचे मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास होतात. दहा मिनिटांत 120 ते 200, म्हणजे दहा-दहाच्या बारा ते वीस फेऱ्या. पहिल्या महिन्यात त्यातली एकही फेरी पूर्ण झाली नाही तरी चालेल. दोनवर हरवून वीस वेळा एकवर आलात, तर परत येण्याचा सराव वीस वेळा झाला, आणि शिकायचं तेच आहे. दीड-दोन महिन्यांनी फेऱ्या पूर्ण व्हायला लागल्या की पहिली पाच मिनिटं मोजा, नंतर आकडा सोडून द्या. कायम मोजत राहिलात तर आकड्याची कुबडी होते.

झोप येणं आणि अस्वस्थपणा यांचं थोडक्यात सांगतो. पेंग येत असेल तर डोळे अर्धे उघडे ठेवून चार-पाच हात पुढे जमिनीवर नजर टेकवा, आत येणाऱ्या श्वासाकडे जास्त लक्ष द्या. तरी येत असेल तर उभं राहून करा. रोजच येत असेल तर झोप कमी पडते आहे, रात्री लवकर निजा. उलट मन उसळत असेल तर बाहेर जाणाऱ्या श्वासावर, विशेषतः त्याच्या त्या सावकाश शेवटावर जास्त वेळ राहा. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात, हा शरीराचा नेहमीचा धर्म आहे. तुम्ही फक्त त्याच्या मंदावणाऱ्या बाजूला जाऊन बसता.

आता बैठकीकडे येतो. किती वेळ बसावं याबद्दल जाणकारांत एकमत नाही. विपश्यनेच्या शिबिरातून बाहेर पडताना सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या ध्यानाच्या आठ आठवड्यांच्या कार्यक्रमात रोज साधारण 45 मिनिटांचा सराव असतो. त्यांचं चूक आहे असं मी म्हणत नाही. पण तिथे आधी दहा दिवसांचं मौन किंवा दर आठवड्याला भेटणारा गट आणि शिक्षक असतो. घरी एकट्याने, कुणाचा आधार नसताना सुरू करणाऱ्याला अर्धा तास पहिले दहा दिवस उत्साहात जातो. उत्साह ओसरला की तोच अर्धा तास डोंगराएवढा दिसतो. दहा मिनिटं कंटाळा आलेला असतानाही बसता येतात, आणि सवय जडते ती कंटाळ्याच्या दिवसांत.

वेळ घड्याळाला बांधू नका, एखाद्या कामाला बांधा. सहा वाजता बसणार असं ठरवलं आणि सहा दहा झाले की मन म्हणतं, आज हुकलं. त्यापेक्षा "दात घासून झाले की बसायचं" हे जास्त टिकतं. बसायची उशी रात्रीच जागेवर ठेवा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, दहा मिनिटांच्या गजरासाठी साधं घड्याळ पुरतं. फोनवर काही वाचून मग बसलात तर पहिली पाच मिनिटं त्या वाचलेल्याची उजळणी होते. सकाळ बरी, कारण दिवसाची गुंतागुंत अजून सुरू झालेली नसते. पण लहान मूल असलेल्या आईला किंवा रात्रपाळीच्या माणसाला मी पहाटेचा आग्रह करत नाही. कामावरून आल्यावर कपडे बदलून झाले की बसा, तेही तितकंच चांगलं.

सवय जडायला 21 दिवस लागतात असं सगळीकडे सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये 96 जणांवर अभ्यास झाला होता, तो 2010 मध्ये छापून आला. रोजची एखादी साधी कृती सवयीची व्हायला लागलेला काळ साधारण 66 दिवस निघाला, आणि माणसामाणसात फरक 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: एखादा दिवस चुकला तर सवय जडण्यावर त्याचा म्हणण्याजोगा परिणाम झाला नाही. म्हणजे तुमची बैठक मोडली ती चुकलेल्या एका दिवसाने नाही. त्यानंतर तुम्ही मनाशी जे बोललात त्याने.

माझंच सांगतो. पहिल्या वर्षी मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज फुली मारायचो. एकेचाळीस फुल्या सलग झाल्या. मग घरात आजारपण आलं, तीन रात्री दवाखान्यात गेल्या. चौथ्या दिवशी घरी आलो, कॅलेंडर बघितलं, आणि ती तीन कोरी चौकटं बघून बसावंसंच वाटेना. एकेचाळीस दिवसांची माळ तुटली होती आणि मी तिच्यासाठीच बसत होतो, हे तेव्हा कळलं नाही. पुन्हा बसायला चार महिने गेले. तीन दिवसांचा खाडा परिस्थितीने पाडला होता, चार महिन्यांचा मी पाडला.

त्यानंतर मी स्वतःसाठी जे नियम केले तेच आजही इतरांना सांगतो. खाडा भरून काढायचा नाही. काल राहिलं म्हणून आज दुप्पट बसायचं नाही, कारण दंड भरावा लागणार असला की माणूस त्या दारातच येत नाही. शिवणात धागा तुटला तर आपण सगळं कापड उसवत नाही, तुटला तिथे गाठ मारून पुढचा टाका घालतो. आज दहा मिनिटं, बस्स. सलग किती दिवस झाले ते मोजायचं नाही. मोजायचंच तर महिन्याच्या शेवटी किती दिवस बसलो ते मोजा. तीसपैकी बावीस आले तर महिना चांगला गेला. तुमचं ॲप अखंड दिवसांचा आकडा दाखवत असेल तर तो दाखवणं बंद करा. आणि ज्या दिवशी खरंच शक्य नाही, प्रवास आहे, ताप आहे, घरात पाहुणे आहेत, त्या दिवशी दहा श्वास. पलंगाच्या कडेवर बसून, दिवा मालवण्याआधी, एक ते दहा. एक मिनिटही लागत नाही, पण नेम राहतो.

पतंजलींनी अभ्यास पक्का कशाने होतो ते सांगताना तीन गोष्टी एकत्र घेतल्या आहेत: दीर्घकाळ, खंड न पडू देता, आणि सत्कारपूर्वक. पहिल्या दोन सगळ्यांना पाठ असतात. सत्कार मात्र बहुतेक जण वगळतात. सत्कार म्हणजे आदर, आपलेपणाने केलेलं स्वागत. मी बरीच वर्षं त्याचा अर्थ साधनेविषयी श्रद्धा असा घेत होतो. आता मला तो आणखी एका जागी लागू पडलेला दिसतो. भटकून आलेल्या मनाला श्वासापाशी कसं घ्यायचं आणि चार दिवस न बसलेल्या स्वतःला आसनावर कसं घ्यायचं, या दोन्हीला तो शब्द लागतो. दहा मिनिटांत वीस वेळा जबडा सैल सोडून एकवर आलेल्या माणसाला चार दिवसांच्या खाड्यानंतर बसणं अवघड जात नाही. त्याने तेच रोज वीस वेळा केलेलं असतं.

बरोबर चाललंय हे कशावरून ओळखायचं, असा तुमचा पुढचा प्रश्न असणार. बैठकीत किती शांत वाटलं यावरून ओळखू नका. शांतता झोपेवर, पोटावर, आदल्या दिवशीच्या भांडणावर अवलंबून असते, आज मिळते, उद्या नाही. बैठकीबाहेर बघा. कुणाला तरी चिडून मेसेज लिहिलेला असतो, अंगठा पाठवायच्या खुणेवर आलेला असतो, आणि अचानक कळतं की श्वास छातीत अडकलाय आणि खांदे कानाशी आलेत. मेसेज तरीही पाठवाल कदाचित. पण ते कळलं ना, तेच बैठकीत दोनवर हरवून एकवर येताना कळत असतं. हे साधारण दोन-तीन महिन्यांत दिसू लागतं, आणि बऱ्याचदा आपल्याआधी घरच्यांना दिसतं.

पुढे केव्हातरी श्वास इतका बारीक होईल की तो थांबलाच असं वाटेल. तेव्हा बरेच जण दचकून मोठा श्वास घेतात. घेऊ नका. शरीराला हवी तेवढी हवा मिळत असते, शांत बसलेल्या शरीराला कमीच लागते. पोटाच्या ज्या जागी तो शेवटचा जाणवला तिथेच लक्ष ठेवून थांबा, तो पुन्हा दिसेल. कधी मिटल्या डोळ्यांपुढे उजेड दिसतो, शरीर हलकं किंवा मोठं झाल्यासारखं वाटतं. वाईट काही नाही, मागे लागण्यासारखंही काही नाही. श्वास बघा.

वेळ कधी वाढवायचा? गजर झाल्यावर अजून थोडं बसावं असं आठ-दहा दिवस सलग वाटलं की पंधरा मिनिटं करा. मग तसंच वीस. बहुतेक संसारी माणसं तीन-चार महिन्यांत वीस-पंचवीसवर स्थिरावतात आणि तेवढं पुष्कळ आहे. त्यापुढे खोलात जावंसं वाटलं तर एखाद्या जाणत्या शिक्षकासमोर बसा, फक्त वाचून आणि ऐकून पुढे जाऊ नका. आवाजी सूचनांच्या ध्वनिफिती पहिले दोन-तीन आठवडे बऱ्या पडतात. नंतर त्या सोडा, नाहीतर मन श्वासाऐवजी त्या आवाजाची वाट बघत बसतं.

तुमच्याच्याने होईल का, असं विचारलंत. दोन वर्षांत पाच-सहा वेळा सोडून तुम्ही पाच-सहा वेळा परत आलात, तेही कुणी सांगितलं नसताना. उद्या दात घासून झाले की खुर्चीवर बसा, पोटावर हात ठेवा, पहिला मिनिटभर नुसते आवाज ऐका, मग बाहेर जाणारे श्वास मोजा. तीन महिने नाकाकडे वळू नका. छाती जड वाटली तर मोजणी सोडा, श्वास बाहेर जाऊ द्या आणि पुढचा आपणहून येईपर्यंत थांबा.